घरच्यासारखं वाटलं!

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा वहीवर फार विश्वास असतो. माणूस खोटं बोलेल, पण लेजर बोलणार नाही, ही आमची श्रद्धा. आता लेजरं गेली, संगणक आले, तरी ती श्रद्धा गेलेली नाही; फक्त काचेआड जाऊन बसली आहे. अशा माणसाच्या हातून गेल्या मे महिन्यात नाशकात एका वहीत धडधडीत खोटी नोंद झाली. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात, खाली सहीसकट. नोंद अशी : 'उत्तम सोय. घरच्यासारखं वाटलं.'

चुकीची नोंद खोडायची नसते, उलट नोंद टाकून दुरुस्त करायची असते, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. हा लेख म्हणजे ती उलट नोंद आहे असं समजा.

झालं असं की, यंदा एल.एफ.सी. घ्यायची ठरली. ही सवलत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात प्रवासाचं भाडं बँक देते. उतरल्यावर राहायचं कुठे आणि खायचं काय, हा ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न. आमच्या शाखेतली माणसं एल.एफ.सी.वर अंदमानला जातात, काश्मीरला जातात. मी नाशिक म्हटल्यावर हेडकॅशियर म्हणाले, "डोंबिवलीहून नाशिक? अहो, दीडशे किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. लग्नाच्या पंगतीला जाऊन नुसतं ताक पिऊन येताय!"

पण त्याला इलाज नव्हता. आईची इच्छा होती. १९९० साली आजोबांच्या अस्थी घेऊन बाबा रामकुंडावर गेले होते, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीत त्यांनी सही केली होती. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. आई म्हणाली, "काश्मीर तुम्ही नंतर बघा. मला एकदा ह्यांची सही बघायची आहे."

बँकेतल्या माणसाला सही पडताळायची म्हटलं की नाही म्हणवत नाही.

राहण्याचा प्रश्न आमच्या हिने सोडवला. "आईंना हॉटेल मानवणार नाही. काहीतरी घरगुती बघा," असं म्हणून तिनेच ते बघितलंसुद्धा. मोबाईलवर फोटो होते. बंगला, अंगणात तुळस, ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा, आणि खाली लिहिलेलं : 'घरगुती वातावरणात निवास व न्याहारी'. पाच माणसांना एक मोठी खोली, दोन जादा गाद्या, न्याहारी धरून रोजचे साडेतीन हजार. तीन दिवसांचे पैसे आगाऊ. आपल्याकडे म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आम्ही तिन्ही दिवसांचे आगाऊ भरले होते. म्हणजे अक्कलसुद्धा आगाऊच गेली होती.

संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसला कल्याणला चढलो आणि साडेनऊच्या सुमारास नाशिकरोडला उतरलो. हे स्टेशन आलं की मला उगाचच भरून येतं. १९२८ सालापासून इथे करन्सी नोट प्रेस आहे. ज्या नोटा मोजण्यात माझं तारुण्य गेलं त्यातल्या कितीतरी नोटांचं हे माहेर. मुलांना मी ते सांगत होतो, तेवढ्यात रिक्षावाल्याने गंगापूर रोडपर्यंतचा आकडा सांगितला आणि त्या माहेरच्या लेकी किती भराभर सासरी जातात ते मुलांना प्रत्यक्षच दिसलं.

बंगल्याचं फाटक बंद होतं. बेल वाजवली, कुत्रं भुंकलं, दिवा लागला, आणि लेंगा-बनियन घातलेले एक गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले.

"दहा वाजून बारा मिनिटं झालीत," ते म्हणाले. एवढंच आमचं स्वागत.

मग आधार कार्डं तपासली गेली. माझं, हिचं, मुलांचं, आईचंही. ते कायद्याला धरूनच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंच्याहत्तरीची बाई हातात पिशवी घेऊन दारात उभी असताना आधी "पाणी घ्या" म्हणावं की आधी झेरॉक्स मागावी, याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नसावं. गृहस्थांनी ते लिहिलेलं नाही असंच धरलं होतं.

खोली स्वच्छ होती, हे पहिल्यांदाच जमेच्या बाजूला मांडतो. भिंतीवर प्लॅस्टिकच्या आवरणात एक यादी टांगली होती. सतरा कलमं. माझ्यासारख्याला परिपत्रक ओळखू येतं. टॉवेल माणशी एक, डाग पडल्यास तीनशे रुपये. ओले कपडे गच्चीत घालू नयेत, खोलीत तर मुळीच घालू नयेत. (मग कुठे घालावेत, याचा खुलासा बहुधा पुढच्या परिपत्रकात यायचा होता.) बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. झोपाळ्यावर बसू नये. म्हणजे ज्याच्यासाठी आमची ही भुलली होती तो झोपाळा देवघरातल्या मूर्तीसारखा, दर्शनापुरताच होता. कपाटाचं एक दार उघडत होतं, दुसऱ्याला कुलूप होतं.

कलम नववे : गिझर सकाळी साडेसहा ते सात. पाच माणसं, तीस मिनिटं. मी तिथल्या तिथे भागाकार केला, माणशी सहा मिनिटं आली. आईला देवाचं म्हणत अंघोळ करायची सवय. ती बाहेर आली तेव्हा पावणेसात झाले होते. उरलेल्या चौघांचा हिशेब मी तुमच्यावर सोपवतो. रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर नाशिककर पूर मोजतात. आमच्या बादलीत तो मारुती उभा केला असता, तर तीन दिवसांत पाणी त्याच्या घोट्यावर चढलं नसतं.

आता न्याहारी. हा शब्द जिभेवर आला की माझ्या डोळ्यांपुढे थालीपीठ येतं, त्यावर लोण्याचा गोळा येतो. त्यातून गाव नाशिक. मिसळीसाठी माणसं मुंबईहून मोटारी काढून येतात ते गाव. चिरंजीव रात्रीपासून तर्रीची स्वप्नं बघत होते. टेबलावर आले माणशी दोन पाव, म्हणजे स्लाइस, आणि जॅमची बाटली. चिरंजीवांनी धीर करून विचारलं, "मिसळ?"

"मिसळ तुम्हाला बाहेर कुठेही मिळेल," गृहस्थ अभिमानाने म्हणाले. "नाशकात मिसळीला तोटा नाही."

दुसऱ्या दिवशी पोहे होते. वाटीने पाडलेली मूद. कन्येने बशी पुढे केली तेव्हा कळलं की जादा मुदीला साठ रुपये पडतात. पोहे चांगले होते हो! पण किंमत कळलेला घास नुसता पोटात जातो, अंगी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? साहित्यकृतीचं परीक्षण करताना आधी तिचा प्रकार समजून घ्यावा लागतो म्हणतात. तर हा निवास-न्याहारीचा प्रकार मूळ विलायतेतला. तिकडे ब्लॅकपूल नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथल्या घरमालकिणींच्या कडक शिस्तीवर इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले. न्याहारी झाली की पाहुण्याला बाहेर काढायचं, ते थेट संध्याकाळी आत घ्यायचं. पुढे २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं परवडेना, म्हणून त्यांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले, आणि त्यातून जगभर पसरलेली एअरबीएनबी उभी राहिली. आपल्याकडेही महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने, जे १९७५ साली स्थापन झालं, निवास व न्याहारी योजना राबवली. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत खोल्या जास्तीत जास्त सहा, खाटा बारा, घरांना सुवर्ण आणि रौप्य असे दर्जे, आणि मुख्य अट अशी की मालकाने सहकुटुंब त्याच घरात राहिलं पाहिजे.

या अटीत सगळ्या प्रकाराचा प्राण आहे. खोली हॉटेलातही मिळते. मालक घरात हवा, म्हणजे पाहुण्याला घर मिळेल, असा सरकारचा भाबडा हिशेब. आमच्या बाबतीत मालक त्या घरात राहत होते, यात शंका नाही. राहत नव्हतो ते आम्ही. आम्ही फक्त तीन दिवस होतो.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर पंचवटीत गेलो. रिक्षावाल्याला उपाध्यांचं आडनाव सांगितलं, त्याने एका बोळाच्या तोंडाशी सोडलं. मला आठवत होता तो वाडा उरलेला नव्हता. तिथे तीन मजली इमारत उभी होती. १९९० साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वाड्याच्या माडीवर सतरंजीवर झोपलो होतो, रात्रभर ढेकणांनी फोडून काढलं होतं, सकाळी चौकातल्या बंबाचं धुराचा वास येणारं पाणी अंगावर घेतलं होतं आणि पत्रावळीवर आमटी-भात जेवलो होतो. सोयींच्या दृष्टीने बघितलं तर त्या मुक्कामाला रौप्य सोडाच, लोखंडसुद्धा मिळालं नसतं.

इमारतीच्या तळमजल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, टीव्ही चालू होता. उपाध्ये माझ्याच वयाचे, म्हणजे तेव्हाच्या उपाध्यांचे चिरंजीव. त्यांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "गाव कोणतं? आडनाव?"

मूळ गाव पन्नास उंबऱ्यांचं, मी आजवर न बघितलेलं. मी ते अडखळत सांगितलं. ते आत गेले, लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्यांमधली एक काढून घेऊन आले, बोटाला थुंकी लावली आणि पानं उलटू लागले. आमच्या स्ट्राँगरूममध्ये दहा वर्षांपूर्वीचं व्हाउचर शोधायला तीन दिवस आणि दोन शिपाई लागतात. त्यांना सात मिनिटं लागली. खापरपणजोबांची नोंद मोडीत होती, ती त्यांनी वाचून दाखवली. मग आजोबा. मग बाबा.

बाबांचं अक्षर. 'ज'ची शेपूट नेहमीसारखी खालच्या ओळीत गेलेली. वडिलांच्या अस्थी घेऊन आलो, तारीख, पत्नीचं नाव, पुत्र १, कन्या १, माझं नाव, कंसात वय. खाली सही.

आईने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि म्हणाली, "तुझ्या नावापुढे 'चिरंजीव' लिहायला विसरले होते. मीच सांगितलं. बघ, वर बारीक अक्षरात घुसवलंय." खरंच तसं होतं. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. उपाध्येही बोलले नाहीत. आतून न सांगता चहा आला, सहा कप. कप एकसारखे नव्हते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या वहीत विशेषण नाही. उत्तम नाही, सुंदर नाही, अविस्मरणीय नाही. नाव, गाव, कोण कोण बरोबर, कशासाठी आलो, कधी आलो. असा मजकूर शंभर वर्षांनीही खोटा पडत नाही, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायला त्याला कुठल्या अलंकाराची गरज लागत नाही. मराठीतल्या बऱ्याच लेखकांनी (मी पहिला) एकदा ती वही बघून यावी.

उपाध्यांवर देवत्व लादायचा माझा विचार नाही. त्यांनी दक्षिणा घेतली, चांगली घेतली, आणि पावती दिली नाही. तो त्यांचा धंदाच आहे. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीबद्दल ते आमच्या रिजनल मॅनेजरच्या आवाजात बोलत होते. आणि जुना पाहुणचार म्हणून डोळे मिटून उसासे टाकण्यातही अर्थ नाही. याच पंचवटीत काळारामाचं दार उघडावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, आणि तो पाच वर्षं चालूनही दार उघडलं नाही. 'या, बसा' हे शब्द इथे सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नव्हते. तेव्हा फरक जुन्या-नव्याचा नाही आणि पैशांचाही नाही. दोन्हीकडे आम्ही पैसे मोजले. फरक एवढाच, की एका ठिकाणी आम्ही कोण हे तपासलं गेलं, आणि दुसऱ्या ठिकाणी विचारलं गेलं.

निघताना उपाध्यांनी वही माझ्यापुढे केली. मी नाव लिहिलं, हिचं लिहिलं, मुलांची लिहिली, 'चिरंजीव' न विसरता. 'कशासाठी' या ठिकाणी थोडा थांबलो आणि लिहिलं, 'वडिलांची सही पाहण्यासाठी.' कन्येने विचारलं, "बाबा, इथे स्टार नाही द्यायचे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंगला सोडला. टॉवेल मोजून झाले, पाचही भरले. मग गृहस्थांनी अभिप्रायाची वही पुढे ठेवली. मी आधीची पानं चाळली. पानोपानी उत्तम सोय, घरगुती वातावरण, पुन्हा नक्की येऊ. फक्त एका गृहस्थांनी 'पाणी' असं लिहून ते खोडलं होतं. अख्ख्या वहीत तेवढा एकच शब्द अनुभवातून आलेला होता. मीही पेन उघडलं. नऊवं कलम, साठ रुपयांची मूद, झोपाळा, सगळं मुद्देसूद मांडायचं ठरवलं होतं.

पण आई कुठे दिसेना. बघतो तर ती झोपाळ्यावर बसलेली! शेजारी घरमालकीणबाई. तीन दिवसांत त्या फक्त बशा उचलायला दिसल्या होत्या. आईने त्यांना विचारलं होतं, "खोलीतल्या कपाटाला कुलूप का हो?" त्या म्हणाल्या, "मुलाचं आहे. शाळेतले कप, वह्या, सगळं तसंच ठेवलंय. तो कॅनडाला असतो. खोली त्याचीच. पाच वर्षांत येणं नाही झालं." म्हणजे त्या घरात घर होतं. ते कपाटाच्या त्या दुसऱ्या दाराआड कुलपात ठेवलं होतं, आणि पाहुण्यांना मिळत होती ती उरलेली खोली. आईने सतरा कलमांतलं एक मोडलं, तेव्हा कुठे ते फटीतून दिसलं.

आई उठली, म्हणाली, "डोंबिवलीला आलात तर या हो आमच्याकडे." बाईंनी आत जाऊन चिवड्याची पुडी आणली आणि मुलांच्या हातावर ठेवली. गृहस्थ तेवढा वेळ कुंडीकडे बघत होते. अशा वेळी नववं कलम कुणाला लिहवतं? मी लिहिलं, 'उत्तम सोय. घरच्यासारखं वाटलं.' आणि सही केली.

गाडीत बसल्यावर माझी सद्‌सद्विवेकबुद्धी जागी झाली. मी हिला म्हटलं, "मी आयुष्यात पहिल्यांदा खोट्या नोंदीवर सही केली."

"खोटी कशाने?" ही म्हणाली. "गेल्या दिवाळीत तुमचे आतेभाऊ आले होते आपल्याकडे. आठवतं? तुम्ही गिझरचा फ्यूज उडालाय म्हणून सांगितलंत. नवे टॉवेल वरच्या कपाटात टाकून कुलूप लावलंत. आणि ते तिसऱ्या दिवशीही जाईनात, तेव्हा रात्री साडेनऊलाच दिवे मालवलेत. तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. घरच्यासारखंच वाटलं."

मी खिडकीतून बाहेर बघत इगतपुरीपर्यंत गप्प बसलो. म्हणजे नोंद बरोबर होती; मी ती चुकीच्या खात्यावर टाकली होती. तेव्हा ही उलट नोंद मी माझ्याच नावे टाकतो आहे. आतेभावांना पत्र लिहिलं आहे, सवडीने चार दिवस राहायला या म्हणून. फ्यूज दुरुस्त झालाय, हेही कळवलं आहे.